लाडक्या पात्राला रडवताना: फॅनफिकमधलं दुःख आणि त्यातून घडणारा माणूस

फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली पात्रं उसनी घेऊन रचलेली चाहत्याची कथा, लिहायला लागलं की कधी ना कधी आपल्या सगळ्यात लाडक्या पात्राला रडवायची हुक्की येतेच. चाहत्यांच्या जगात या प्रकारांना रीतसर नावं आहेत. शारीरिक यातनांवर भर असेल तर व्हम्प, दुखापत आणि मागोमाग शुश्रूषा असेल तर हर्ट-कम्फर्ट, मनाची घालमेल असेल तर अँग्स्ट. यात विकृत काही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सीतेचा सासुरवास आणि वनवास पुन्हा पुन्हा येतो. दळणाऱ्या बायकांनी ग्रंथातल्या सीतेला आपल्या घरातलं दुःख दिलं आणि तिच्या नावानं स्वतःचं मन मोकळं केलं. उसन्या पात्रात आपली वेदना ओतायची ओढ जुनी आहे आणि मला ती मोलाची वाटते.

म्हणूनच ती वाया गेलेली बघवत नाही. कित्येक फिकमध्ये अपघात, अपहरण, ताप, विश्वासघात असं सगळं एकामागोमाग घडतं आणि वाचून झाल्यावर हे नेमकं कोणाचं झालं, तेच आठवत नाही. त्या जागी दुसरं कोणीही असतं तरी चाललं असतं. दुःख त्या पात्राच्या मापानं बेतलेलं असायला हवं, आणि त्यातून आलेला बदल त्याच्या वागण्यात दिसायला हवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टी साधण्यासाठीच आहेत.

उदाहरणासाठी आर्थर कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन घेऊ या. होम्सच्या सगळ्या कथा आता हक्कमुक्त आहेत. अमेरिकेतल्या शेवटच्या काही कथाही १ जानेवारी २०२३ ला मोकळ्या झाल्या. शिवाय हे पात्र मुळातच जखमी होऊन कथेत शिरतं.

आधी मूळ कथेतल्या फटी शोधा

नवं संकट रचण्याआधी कॅननमध्ये, म्हणजे मूळ कथेत, या पात्रानं आधीच काय सोसलंय ते वहीत उतरवून काढा. आठवणीवर विसंबू नका, पुन्हा वाचा. लेखकानं अर्ध्या वाक्यात उरकलेलं दुःख ही फॅनफिकची सगळ्यात सुपीक जमीन.

वॉटसनची गोष्ट १८८७ साली छापलेल्या पहिल्या कादंबरीच्या पहिल्या दोन-तीन पानांत येते. तो लष्करी डॉक्टर म्हणून मुंबईला उतरतो. पलटण तोवर पुढे गेलेली असते, म्हणून तो मागोमाग कंदाहारला जातो. अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्यात गोळी घुसते, हाड चिरफळतं आणि हसळीखालची मोठी रक्तवाहिनी थोडक्यात वाचते. मरे नावाचा ऑर्डर्ली त्याला ओझ्याच्या घोड्यावर टाकून सुरक्षित जागी आणतो. पेशावरच्या इस्पितळात तो जरा हिंडूफिरू लागतो, व्हरांड्यात उन्हाला बसू लागतो, तोच त्याला विषमज्वर गाठतो. कित्येक महिने त्याच्या जिवाची आशा नसते. मग बोटीनं इंग्लंड, लंडनमधलं एक हॉटेल, दिवसाला साडेअकरा शिलिंगांचं उत्पन्न, आणि जवळचं म्हणावं असं कोणीही नाही.

आता याला इतिहास जोडून बघा. मैवंदची लढाई २७ जुलै १८८० ची. तिथे ब्रिटिशांचा पराभव झाला, मुंबई इलाख्याच्या पलटणीही त्यात होरपळल्या. उरलेली फौज भर उन्हात, पाण्याशिवाय, सत्तर-एक किलोमीटर मागे कंदाहारला आली. मग कंदाहारला वेढा पडला, आणि १ सप्टेंबरला जनरल रॉबर्ट्सच्या फौजेनं वेढा घालणाऱ्या अफगाण फौजेला हरवलं. म्हणजे फुटलेल्या खांद्यानिशी वॉटसन महिनाभर तरी वेढ्यातल्या गावात अडकलेला असणार. मूळ कथेत त्या महिन्याबद्दल एक अक्षरही नाही. एक डॉक्टर, आजूबाजूला त्याचेच विव्हळणारे जवान, आणि त्याला उठून त्यांच्यापर्यंत जाता येत नाही. ही फट एवढी मोठी आहे की तिच्यात आख्खी कादंबरी मावेल, आणि ती सापडायला फक्त तारखा शेजारी शेजारी मांडाव्या लागल्या.

अशाच आणखी दोन फटी. होम्स धबधब्यात पडून मेला असं समजून वॉटसन १८९१ ते १८९४ अशी तीन वर्षं काढतो. त्याच काळात त्याची बायको मेरी जाते, पण तिचं जाणं परतलेल्या होम्सच्या सांत्वनाच्या ओघात जाता जाता कळतं. ती कशानं गेली, कधी गेली, शेवटी तिच्याजवळ कोण होतं, काही सांगितलेलं नाही. आणि होम्स जिवंत समोर उभा राहतो तेव्हा वॉटसनला घेरी येते, पण त्याला राग म्हणून येत नाही. तो न आलेला राग कित्येक चाहत्यांनी लिहून काढलाय, आणि लिहायलाच हवा होता.

पात्र कशाच्या बळावर उभं आहे?

वहीच्या पुढच्या पानावर एक प्रश्न लिहा: या माणसाकडून काय काढून घेतलं तर त्याला स्वतःची ओळख पटणार नाही? उत्तर एक-दोन शब्दांत येईपर्यंत खोडत राहा. तोच त्या पात्राचा आधार.

वॉटसनसाठी मी ‘उपयोगी पडणं’ असं लिहीन. तो दुसऱ्याच्या जखमा बांधणारा माणूस आहे, बोलावलं की पिस्तूल खिशात टाकून निघणारा. त्याला सगळ्यात जास्त लागेल ती निरुपयोगी झाल्याची भावना, गोळी त्यामानानं कमीच. होम्ससाठी उत्तर ‘बुद्धीवरचा ताबा’. त्याच्याबाबतीत मूळ लेखकानं हे अचूक पकडलंय. १८८७ च्या वसंतात होम्स दोन महिने रोज पंधरा पंधरा तास राबून एक प्रचंड कारस्थान मोडून काढतो आणि फ्रान्समधल्या लियाँला अंथरुणाला खिळतो. वॉटसन पोहोचतो तेव्हा खोलीत अभिनंदनाच्या तारांचा घोट्याएवढा खच पडलेला असतो आणि त्या खचाच्या मधोमध होम्स काळ्याकुट्ट नैराश्यात पडून असतो. यश आणि उदासी एकाच खोलीत आणल्यामुळे हे दृश्य विसरता येत नाही. होम्सला तीन गुंडांनी बडवलं असतं तर एवढं लागलं नसतं.

तुमच्या पात्राचं उत्तर ‘कुटुंब’ किंवा ‘प्रेम’ आलं तर आणखी खोदा. कुटुंब कोणाला नको असतं? घरात हिच्याशिवाय पान हलत नाही, हा जिचा आधार आहे आणि घरात चार माणसं आपल्याला विचारतात, हा जिचा आधार आहे, त्या दोघींची दुःखं निराळी असतील.

जखम निवडा, आणि लगेच कॅलेंडर काढा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. वाचकाचा विश्वास इथेच बसतो किंवा उडतो.

जखम निवडताना आधाराशी नातं बघा. वॉटसनचा खांदा फुटला, म्हणजे हात गेला, म्हणजे शस्त्रक्रिया गेली, म्हणजे उपयोगी पडणं गेलं. साखळी अशी तीन-चार कड्यांत आधारापर्यंत पोहोचली पाहिजे. पोहोचत नसेल तर जखम बदला.

मग ती बरी कशी होते त्याचा आठवड्यांचा तक्ता करा. फुटलेलं हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. इतके दिवस खांदा बांधून ठेवला की सांधा आखडतो आणि हात वर जाईनासा होतो. हाड जुळलं तरी केस विंचरणं, फळीवरचा डबा काढणं, कोट चढवणं हे सगळं अडतं. होम्स पहिल्याच भेटीत वॉटसनचा डावा हात ताठ आणि अवघडलेला दिसतो हे हेरतो, ते याला धरूनच आहे. विषमज्वराचंही तसंच. पहिल्या आठवड्यात ताप पायरी पायरीनं चढतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्यातून रक्तस्राव होण्याची किंवा आतडं फुटण्याची धास्ती असते. उतार पडल्यावर पुन्हा उलटूही शकतो. त्यावर चालणारं पहिलं प्रतिजैविक आलं १९४८ मध्ये. १८८० च्या पेशावरमध्ये दूध, ओल्या फडक्यानं अंग पुसणं आणि वाट बघणं एवढंच हातात होतं. तुमचा वॉटसन दोन इंजेक्शनांत उठून बसला तर जाणता वाचक पुस्तक मिटेल.

आणखी काही गोष्टी ठरलेल्या चुकतात. डोक्यात फटका बसून पात्र दोन तास बेशुद्ध पडतं आणि उठल्याबरोबर मारामारी करतं. एवढा वेळ शुद्ध हरपली तर मेंदूला गंभीर इजा झालेली असते. उलट्या, गोंधळ, मधल्या वेळेची आठवणच नसणं आणि पुढे कित्येक आठवडे डोकेदुखी, एवढं सगळं त्यामागून येतं. मांडीत गोळी लागणं ‘किरकोळ’ समजलं जातं, पण मांडीतली मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. बरगडीला चीर गेली असेल तर पात्राला हसताना, खोकताना, कूस बदलताना दुखू द्या, तेही महिना-दीड महिना. आणि बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसापुढे एकदम भरलेलं ताट ठेवू नका. शरीराला ते झेपत नाही, प्रसंगी जिवावर बेततं.

मनाच्या जखमेलाही कॅलेंडर असतं, फक्त ते सरळ पुढे जात नाही. ‘पीटीएसडी’, म्हणजे भयंकर आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आलं. मैवंदहून परतलेल्या डॉक्टरकडे तो शब्द नव्हता, म्हणून तुमच्या कथेतही तो नको. मूळ कथेत बघा काय केलंय. एकत्र खोली घ्यायच्या आधी दोघं आपापले दोष सांगतात, तेव्हा वॉटसन सांगतो की त्याला भांडणतंटा सहन होत नाही कारण मज्जा हललेल्या आहेत, तो भलत्या वेळी उठतो, आणि भलता आळशी आहे. आजचा वाचक त्या तीन ‘दोषां’त लढाई वाचतो. वॉटसन स्वतः त्याला आळस म्हणतो, यातच खरी कळ आहे. पात्राला आपल्या दुखण्याचं नाव ठाऊक नसलं की लेखकाचं निम्मं काम होतं.

संकट येतं कुठून?

आभाळातून कोसळलेलं संकट कथेच्या सुरुवातीला चालतं, मध्यावर चालत नाही. मध्यावरचं संकट पात्राच्या स्वतःच्या निर्णयातून यायला हवं, आणि तो निर्णय त्याच्या चांगल्या गुणातून आलेला असला तर फारच उत्तम. वॉटसन पेशावरला जरा बरा झाल्यावर व्हरांड्यात स्वस्थ बसेल का? माझ्या कथेत तो बसणार नाही. तो तापाच्या वॉर्डात जाऊन एका पोऱ्याच्या उशाशी बसेल, कारण एका हातानंही पाणी पाजता येतं. ज्वर त्याला तिथेच लागेल. आता त्याचं आजारपण नुसतं दुर्दैव राहिलं नाही. तो जो आहे, त्याची ती किंमत झाली. मूळ कथेला धक्का न लावता एक कारण आत सरकवलं, एवढंच.

खलनायकाकडून छळ दाखवायचा असेल तर छळणाऱ्याला काहीतरी हवं असू द्या: माहिती, सूड, शरणागती. निव्वळ क्रूर माणूस दोन पानांनंतर कंटाळवाणा होतो.

वेदनेचा प्रसंग प्रत्यक्ष लिहिताना

पहिल्या खर्ड्यात बहुतेकांकडून असं काहीतरी उतरतं:

‘वॉटसनला असह्य वेदना होत होत्या. त्याच्या डोळ्यांसमोर मैवंदच्या भीषण आठवणी तरळत होत्या. तो आतून पूर्णपणे कोलमडला होता. आपण आता कोणाच्याही कामाचे नाही, असं त्याला वाटत होतं.’

यात खोटं काही नाही, पण दिसतही काही नाही. आता तोच माणूस, त्याच सकाळी, लंडनच्या हॉटेलात:

‘कॉलरचं मागचं बटण त्यानं सदरा अंगात घालायच्या आधीच लावून ठेवलं होतं. पुढच्या बटणासाठी दोन्ही हात गळ्यापर्यंत न्यावे लागतात. डावा छातीपर्यंत आला आणि थांबला. वॉटसननं आरशाकडे पाठ केली, भिंतीला टेकला, उजव्या हातानं डाव्याचं कोपर धरून वर ढकललं. बटण बोटांतून निसटलं, लाकडी जमिनीवर टकटकत पलंगाखाली गेलं. खाली नाश्त्याची घंटा झाली. त्यानं मफलर उचलला, गळ्याभोवती दोनदा गुंडाळला आणि जिना उतरला. बाहेर स्वच्छ ऊन होतं.
“सर्दी झाली का, डॉक्टर?” वाढणाऱ्यानं विचारलं.
“हो,” तो म्हणाला. “थोडी.”’

वेदना हा शब्दही आला नाही. दुखण्यापेक्षा लपवण्याची धडपड दाखवली. आणि शेवटी त्याला एक छोटंसं खोटं बोलायला लावलं, कारण माणूस ज्याबद्दल खोटं बोलतो तिथेच त्याला लागलेलं असतं. हे बटण विसरू नका, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

तुमच्या प्रसंगासाठी एवढंच करा: दुखापतीमुळे अडलेलं रोजचं एक काम निवडा, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानं लिहा, आणि मध्येच कोणालातरी खोलीत आणा. भावनांची नावं पहिल्या खर्ड्यात येऊ द्या, दुसऱ्यात एकेक करून काढा. जिथे काढल्यावर अर्थच कळत नाही तिथे परत ठेवा. किंकाळ्या, टिंबांच्या माळा, उद्गारचिन्हांची रांग, हे सगळं वाचकाला प्रसंगापासून लांब ढकलतं. तीव्र वेदनेत माणसाचं बोलणं तुटतं आणि लक्ष भलत्याच बारीक गोष्टीवर चिकटतं, छताच्या तुळईवर, कोणाच्या तरी बुटाच्या नाडीवर. ते लिहा.

शुश्रूषा करणारा माणूसही पात्रच असतो

हर्ट-कम्फर्टमधला नेहमीचा दोष हा की सांत्वन करणारा येतो तो थेट देवदूत होऊन. त्याला झोप लागत नाही, चिडचिड होत नाही, तो चुकीचं काही बोलत नाही. मग त्या खोलीत ताण कुठला?

या प्रकाराचा मासला म्हणून मी मूळ लेखकाचीच एक कथा दाखवीन: तीन गॅरिडेबांची, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेली. किलर इव्हान्स नावाचा गुन्हेगार पिस्तूल झाडतो आणि वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते. होम्स त्याला मिठीत धरून खुर्चीपर्यंत नेतो, लागलं नाही ना म्हणून कळवळून विचारतो. वॉटसनला त्याचे डोळे क्षणभर पाणावलेले आणि ओठ थरथरताना दिसतात. एवढी माया दिसावी म्हणून अशा कितीही जखमा झेलल्या असत्या, असं वॉटसन लिहितो. होम्स खिशातल्या चाकूनं पँट फाडून बघतो, जखम वरवरची निघते. मग तो इव्हान्सकडे वळून सांगतो की वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत गेला नसतास. आणि तपास पुढे सुरू.

एका पानाचाही ऐवज नाही, तरी शंभर वर्षं चाहते त्याच्याकडे परत परत येतात. जखम लहान आहे आणि प्रतिक्रिया मोठी. हे उलटं केलं, म्हणजे जखम भयंकर आणि प्रतिक्रिया अपेक्षित, तर काहीच कळलं नसतं. प्रेम दाखवणारा माणूस असा आहे जो एरवी ते दाखवत नाही. त्याआधीच्या सदतीस वर्षांत लेखकानं ते क्वचितच दाखवलंय. आणि क्षण उलटल्यावर त्यावर कोणी भाष्य करत नाही. तुमच्या फिकमध्ये सदतीस वर्षं नसतील, पण निदान चार प्रकरणं तरी माया अडवून धरा.

सांत्वन करणाऱ्यासाठीही आधाराचा प्रश्न विचारा. होम्सला आजारपण हे सोडवायचं कोडं वाटेल. तो तापाच्या नोंदी ठेवेल, औषधाची मात्रा तपासेल आणि नुसतं उशाशी बसणं त्याला जमणार नाही. वॉटसनला मात्र नेमकं तेच हवं असेल. दोघांचं एकमेकांवर जीवापाड प्रेम असून दोघं एकाच खोलीत एकमेकांना टोचत राहतील. मला असा प्रसंग दहा मिठ्यांपेक्षा जवळचा वाटतो.

वाढ कशी दाखवायची

दुःखानं माणूस आपोआप चांगला होतो, यावर माझा विश्वास नाही. सोसून कडवट झालेली, आक्रसून गेलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. माणूस बदलतो तो सोसल्यानंतर त्यानं काय केलं आणि तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं त्यामुळे. म्हणून पात्राला जखमेचे आभार मानायला लावू नका. ‘हे सगळं झालं म्हणूनच मी आज इथे आहे’ हे वाक्य आलं की तेवढा परिच्छेद काढून टाका. बलात्कार, बालपणीचा छळ, मूल गमावणं अशा दुःखांबाबत तर हे फार सांभाळा. ती कोणाला काही शिकवायला घडत नसतात.

वाढ दाखवायची माझी पद्धत अशी: एकच पेचप्रसंग कथेत तीनदा आणायचा. पहिल्यांदा पात्र जुन्या सवयीनं वागतं. दुसऱ्यांदा तसंच वागतं, पण आता त्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागते. तिसऱ्यांदा ते वेगळं वागतं, आणि ते त्याला जड जातं.

वॉटसनवर हे लावून बघू. त्याचा पेच: मदत हवी आहे आणि मागवत नाही. पहिल्यांदा मफलर आणि सर्दीचं खोटं. दुसऱ्यांदा, समजा बेकर स्ट्रीटला राहायला गेल्यावर एका रात्री रस्त्यात अपघात होतो. वॉटसन एकट्यानं जखम बांधायला धावतो, हात ऐनवेळी दगा देतो. शेजारी उभ्या असलेल्याला ‘इथे धर’ एवढं म्हणायला त्याची जीभ उचलत नाही, आणि जखमी माणसाचं जास्तीचं रक्त जातं. माणूस वाचतो, पण वॉटसनला काय झालं ते कळतं. तिसऱ्यांदा पुन्हा सकाळ. तो कॉलर हातात घेऊन होम्सच्या दारावर टकटक करतो. होम्स काही न बोलता बटण लावतो, किंवा होम्सच्या स्वभावाला धरून, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं असं सांगून त्याला वैताग आणतो. दोन्ही चालेल. वॉटसनला मदत मागण्याचं महत्त्व पटलं, हे वाक्य मात्र कुठेही लिहायचं नाही. तो दारापर्यंत आला, एवढं पुरे.

मध्ये घसरण ठेवा. बदल कधीच सरळ रेषेत होत नाही, आणि याचंही उदाहरण मूळ कथांतच आहे. होम्सचं कोकेन वॉटसननं वर्षानुवर्षांच्या चिकाटीनं सोडवलं, तरी पुढच्या एका कथेत वॉटसनच सांगतो की ते व्यसन मेलेलं नाही, झोपलेलं आहे, आणि झोप सावध आहे. होम्सला काम नसलं की वॉटसनला भीती वाटू लागते. बरं झालेल्या माणसाच्या शेजारी अशी भीती असतेच. ती लिहिली की बरं होणं खरं वाटतं.

कॅननच्या फटीत लिहीत असाल तर शेवट ठरलेला आहे हे विसरू नका. वेढ्यातल्या कंदाहारची कथा लिहिली तरी वॉटसन लंडनला एकटा आणि खचलेलाच पोहोचणार आहे, त्यामुळे तिथे वाढ बोटभरच ठेवा. वेगळ्या विश्वातली म्हणजे एयू कथा असेल तर हात मोकळे आहेत, पण बदलानंतरही तो वॉटसनच वाटायला हवा. पडताळा सोपा आहे: नावं काढून शेवटचं प्रकरण एखाद्या जुन्या चाहत्याला वाचायला द्या, त्याला पात्र ओळखता आलं पाहिजे.

मराठीत लिहिताना हाताशी असलेलं एक हत्यार

होम्स आणि वॉटसन इंग्रजीत आयुष्यभर एकमेकांना आडनावानं हाक मारतात. मराठीत तुम्हाला ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावंच लागतं. हा निर्णय आंधळेपणानं घेऊ नका, त्याचा उपयोग करा. सुरुवातीला दोघं ‘तुम्ही’वर असू द्या, आणि पहिला ‘तू’ अशा क्षणी येऊ द्या की बोलणाऱ्यालाही तो निसटल्याचं नंतर कळावं: तापात, भीतीत, रागात. दुसऱ्या दिवशी शरमून पुन्हा ‘तुम्ही’. हळूहळू ‘तू’ स्थिरावतो. जवळीक वाढल्याचं वेगळं सांगायची गरजच उरत नाही. उलटही करता येतं. तीन वर्षांनी परतलेल्या होम्सला वॉटसननं थंडपणे ‘तुम्ही’ म्हटलं तर तो राग पानभर संवादांपेक्षा जास्त बोचेल.

प्रकरणांची मांडणी

आठ प्रकरणांचं फिक असेल तर ढोबळ हिशेब असा ठेवा. पहिलं प्रकरण दुखापतीआधीचं, पात्राला त्याचं काम हातोटीनं करताना दाखवणारं. काय गेलं हे कळायला ते काय होतं हे दिसावं लागतं, आणि नेमकं हेच प्रकरण उतावीळ लेखक गाळतात. दुसऱ्यात घाव. तिसरं आणि चौथं सगळ्यात अवघड दिवसांचं, पण चौथ्यात निदान एक हलका प्रसंग हवाच. वॉटसन आपल्या दोषांच्या यादीत एक कुत्र्याचं पिल्लूही सांगतो आणि पुढे त्याचं नावही निघत नाही, त्याला इथे आणा. सतत रडवलं की वाचक बधिर होतो. पाचव्यात जरा बरं, सहाव्यात घसरण, सातव्यात तिसरा पेच. आठवं छोटं ठेवा.

सगळ्यात भयंकर घटना एकदाच सविस्तर लिहा. नंतर ती आठवणीत आली तर एखाद्या वासापुरती किंवा आवाजापुरती येऊ द्या. तेच दृश्य तीनदा दाखवलं की तिसऱ्यांदा वाचक पानं उलटतो.

टाकण्याआधी

टॅग प्रामाणिक लावा. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या संकेतस्थळावर टोकाचा हिंसाचार, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचा लैंगिक संबंध या चार गोष्टींसाठी ठराविक इशारे आहेत. इशारा द्यायचा नसेल तर तसं निवडण्याचीही सोय आहे. रहस्य फुटेल म्हणून टॅग लपवणाऱ्यांशी माझं पटत नाही. नुकतंच कोणी गमावलेला वाचक थकून भागून रात्री तुमची कथा उघडतो, त्याला आत काय आहे ते आधी कळायला हवं. स्वतःला इजा करण्याचा प्रसंग असेल तर पद्धत आणि तपशील लिहू नका. आधीची आणि नंतरची घडी लिहा, कथा तिथेच असते. मराठीत वॉटपॅडवर किंवा प्रतिलिपीवर टाकत असाल तर प्रकरणाच्या माथ्यावर दोन ओळींत तेच सांगा.

बीटाला, म्हणजे आधी वाचून देणाऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला, ‘कशी वाटली’ असं विचारू नका. उत्तर ‘छान’ येणार. असं विचारा: कुठल्या परिच्छेदावर डोळे घसरत पुढे गेले? वॉटसन कुठे वॉटसन वाटला नाही? सांत्वन करणाऱ्याचा राग कुठे यायला हवा होता आणि आला नाही? शेवटी तो वेगळा वागला हे तुला कुठल्या ओळीत कळलं? या शेवटच्या प्रश्नाला तिनं संवादातल्या ओळीवर बोट ठेवलं, तर सातवं प्रकरण पुन्हा लिहायला घ्या आणि ती ओळ काढूनच सुरुवात करा.